ओटीवरून : खरी कमाई

गेल्या महिन्यांत या सदरांत लोणच्याच्या बरण्यांविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका भगिनींनीं निरोप धाडला कीं, बरण्या पुष्कळ झाल्या, आतां घरांतील मुलांविषयीं कांहीं लिहावें. आज्ञा शिरसावंद्य मानून विषय शोधीत होतों, तों त्यानंतरच्याच रविवारीं सकाळीं विषय आपल्या पायांनीं चालत आमच्या ओटीवर आला.

तीन मुलें होतीं. करड्या रंगाचे सदरे, गडद निळ्या विजारी, गळ्यांत स्कार्फ आणि तो जागच्या जागीं राहावा म्हणून गळ्याशीं अडकविलेलें कातड्याचें कडें. तिघांनींहि उजव्या हाताचीं तीन बोटें कपाळाशीं नेऊन सलाम केला आणि त्यांतील उंच मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमची खरी कमाई चालूं आहे. कांहीं काम असेल तर द्या."

काय काम द्यावें याचा मी विचार करीत आहें, तोंच माजघरांतून मातुःश्री काठी टेकीत बाहेर आल्या. वय वर्षें शहाऐंशी. मुलांना पाहतांच म्हणाल्या, "अगबाई, उन्हातान्हांत हिंडताहेत लेंकरं! काम कसलं करतां बाळांनो? हें घ्या." आणि प्रत्येकाच्या हातावर एक एक लाडू व पन्नासाची एक एक नोट ठेवली. उंच मुलानें खिशांतून एक छापील कार्ड काढून पुढें केलें. त्यावर कामाचा प्रकार, मिळालेली रक्कम व सही असे तीन रकाने होते. मातुःश्रींनीं तें माझ्याकडे सरकविलें. मीं विचारलें, "कामाच्या रकान्यांत काय लिहूं?" त्या म्हणाल्या, "लिही कांहीं तरी. अंगण झाडलं म्हणून लिही."

मीं तसें लिहिलें आणि सही ठोकून दिली. पस्तीस वर्षें मास्तरकी केलेला हात. सही करावयास त्यास वेळ लागत नाहीं. अंगण त्या दिवशीं पहाटेंच थोरल्या सूनबाईंनीं झाडून ठेवलें होतें.

ज्यांच्या घरचीं मुलें स्काउट पथकांत जात नाहींत अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा करतों. वर्षांतून एकदां स्काउट मुलांनीं घरोघर, दुकानोदुकान जावें, पडेल तें काम मागावें, तें नीट करावें आणि त्याचा जो मोबदला मिळेल तो पथकाच्या कार्यासाठीं आणावा, असा हा उपक्रम आहे. ही वर्गणी नव्हे, देणगी नव्हे आणि भिक्षा तर नव्हेच. विलायतेंतहि १९४९ सालीं असाच एक आठवडा सुरू झाला. तेथें एका कामाचा एक शिलिंग घ्यावयाचा असे. शिलिंगाला तिकडच्या बोलींत 'बॉब' म्हणत, म्हणून त्या आठवड्याचें नांव 'बॉब-अ-जॉब' असें पडलें. पुढें १९७१ सालीं तिकडे दशमान नाणीं आलीं आणि शिलिंग हिशेबांतून गेला. आपल्याकडील नांव मला अधिक आवडतें. 'कमाई' या शब्दाआधीं 'खरी' हें विशेषण ज्यानें लावलें, त्याला खोटीहि कमाई असते हें चांगलें ठाऊक असलें पाहिजे.

या चळवळीचा उगम १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांतला. बेडन-पॉवेल या इंग्रज सेनापतीनें ब्राउन्सी नांवाच्या एका लहानशा बेटावर वीसएक मुलांचें आठवडाभर शिबिर भरविलें. त्यांत ईटन व हॅरो यांसारख्या बड्या विद्यालयांतील श्रीमंतांचे चिरंजीव होते आणि जवळपासच्या गांवांतील कामकऱ्यांचीं मुलेंहि होतीं. तीं सारीं एकाच प्रकारच्या तंबूंत मिसळून निजलीं आणि एकत्र जेवलीं. त्या काळच्या इंग्लंडांत ही गोष्ट लहान नव्हती. पण हीच चळवळ १९०९ सालीं बंगलोरास येऊन पोंचली, तेव्हां तिचें दार गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांपुरतेंच उघडें होतें. मायदेशीं जिनें सर्वांस एका पंक्तीस बसविलें, तिनें समुद्र ओलांडतांच सोंवळें नेसावें, हें पाहून आपल्यासारख्यांस तरी फार आश्चर्य वाटावयास नको. सोंवळें नेसण्याचा सराव आपल्याला कमी नाहीं.

हिंदी मुलांसाठीं मग हिंदी माणसांनीं व त्यांच्या स्नेह्यांनीं पथकें काढलीं. मद्रासकडे ॲनी बेझंट व अरुंडेल, अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी, मध्यप्रांतांत विवियन बोस, जे पुढें सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, या मंडळींनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या पांचसहा वर्षांत हें कार्य उभें केलें. सेवा समितीचे स्काउट यात्रांतून व मेळ्यांतून गर्दी आवरीत, चुकलेल्या म्हाताऱ्यांना आपल्या माणसांत पोंचवीत. मराठींत तेव्हां 'बालवीर' हा शब्द रूढ झाला. मला तो अद्यापहि गोड लागतो. परंतु आजचीं मुलें स्वतःला स्काउटच म्हणवितात, तेव्हां मीहि तेंच म्हणतों. निरनिराळ्या संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजीं एक होऊन 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही संस्था जन्मास आली, आणि पुढच्या वर्षीं १५ ऑगस्टला मुलींची गाइड संस्थाहि तींत मिळाली.

आमच्या गांवचें पथक एका शाळेच्या मागील पटांगणांत दर रविवारीं भरतें. तीस मुलें आणि त्यांचे चार संघ. प्रत्येक संघांत सातआठ जण व त्यांच्यांतलाच एक संघनायक. आमचा नातू बारा वर्षांचा आहे. तो गेल्या वर्षापासून जाऊं लागला, म्हणून मीहि पटांगणाच्या कडेला कट्ट्यावर जाऊन बसतों. फिरणें होतें आणि करमणूकहि होते.

दोरीच्या गांठी हा तेथील मोठा विषय. त्यांतली रीफ नांवाची गांठ जखमेवरच्या पट्टीला बांधतात. ती सपाट बसते म्हणून रोग्याला टोंचत नाहीं, आणि सोडावयाची झाली कीं एक टोंक उलट दिशेला ओढतांच मोकळी होते. उजवें टोंक डाव्यावर, मग डावें उजव्यावर, असा तिचा क्रम. तो चुकून दोन्ही वेळां उजवेंच वर आलें, तर दिसावयास जवळजवळ तशीच पण ऐन वेळीं दगा देणारी अशी एक गांठ तयार होते. इंग्रजींत त्या चुकीच्या गांठीला 'आजीची गांठ' म्हणतात! ही माहिती मीं घरांत सांगितलेली नाहीं. मातुःश्रींपर्यंत ती या अंकाबरोबरच पोंचेल.

एके दिवशीं नातवानें पथकांतला 'किमचा खेळ' घरीं मांडला. किपलिंगची १९०१ सालची 'किम' ही कादंबरी ज्यांनीं वाचली असेल त्यांना आठवेल कीं, सिमल्याच्या एका दुकानांत त्या पोराला ताटांतील खडे क्षणभर पाहून ध्यानांत ठेवावयास शिकवितात. त्यावरून हा खेळ. ताटांत चोवीस लहानसहान वस्तू मांडावयाच्या, त्या मिनिटभर पाहावयाच्या, वर फडकें टाकावयाचें आणि मग आठवून सांगावयाच्या. मला चौदा आठवल्या. थोरल्या सूनबाईंना एकोणीस. मातुःश्रींनीं बावीस सांगितल्या आणि वर "ती सुपारी किडकी आहे, टाकून दे" असेंहि बजाविलें. ज्या बाईनें साठ वर्षें पंधरा माणसांच्या घराचें कोठार सांभाळलें, तिला किपलिंगानें काय शिकवावें?

सगळेंच घरांत रुचलें असें मात्र नाहीं. स्काउट एकमेकांशीं डाव्या हातानें हस्तांदोलन करतात. डाव्या हातांत ढाल असते, ती खालीं ठेवणें म्हणजे समोरच्यावर विश्वास टाकणें, असें त्याचें कारण सांगतात. नातवानें पहिल्याच दिवशीं उत्साहानें आपल्या पणजीपुढें डावा हात केला. पुढें काय झालें तें सुज्ञ वाचकांनीं ओळखावें. ढालीची कथा त्यांनीं शेवटपर्यंत ऐकूनच घेतली नाहीं.

त्याहून मोठा प्रसंग शिबिराचा. डिसेंबरांत पथक तीन दिवस नदीपलीकडच्या माळावर राहिलें. मुलांनीं स्वतः चुली मांडल्या. कणकेचे लांबट वळे ओल्या काठीला गुंडाळून निखाऱ्यांवर भाजले. ते बाहेरून कोळसा व आंतून कच्चे राहिले, तरी सर्वांनीं आवडीनें खाल्ले. रात्रीं शेकोटीभोंवतीं नकला झाल्या. एक नक्कल माझीच होती, असें मागाहून कळलें. शिबिरांत प्रत्येक संघास आळीपाळीनें एकेक काम येतें : स्वयंपाक, पाणी, लांकूडफांटा आणि स्वच्छता. स्वच्छता म्हणजे शौचाचे चर खणणें, जवळ मातीचा ढीग व खोरें ठेवणें, आणि निघतांना ते बुजवून पुढें येणाऱ्यांना कळावें म्हणून तेथें खूण रोवणें. दुसऱ्या दिवशीं हें काम आमच्या नातवाच्या संघाकडे आलें. घरीं परतल्यावर त्यानें हें सारें, इतर गमतींबरोबर, जेवतांना पानावरच सांगितलें.

माझे धाकटे बंधू अर्धवट उठले. "यासाठींच का पोराला तिकडे पाठवायचं? हीं कामं करायला माणसं मिळत नाहींत कीं काय?"

नातू म्हणाला, "पण धाकटे आजोबा, आम्हींच वापरायचा होता ना तो चर? मग दुसऱ्या कोणी कां खणायचा?"

पंक्तींत कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाईंनीं ताक वाढलें.

आतां त्या रविवारकडे पुन्हां वळतों. सायंकाळीं नातू घरीं आला तो मुकाट्यानें पाय धुवून कोपऱ्यांत बसला. त्यानेंहि दुसऱ्या आळींत दिवसभर कमाई केली होती आणि दुपारीं जेवावयास आला तेव्हां स्वारी खुशींत होती. एका घरीं त्यानें काम मागितलें, तर आंतल्या गृहस्थांनीं दारहि न उघडतां खिडकींतून विचारलें, "क्यूआर कोड आहे का? फोनवरून पाठवतों." दुसऱ्या घरीं बाईंनीं वीस रुपये देऊन "उगाच भांडीं फोडशील" म्हणून पाठविलें. एका वाण्यानें मात्र त्याच्याकडून तासभर गुळाच्या ढेपा उचलून घेतल्या, तीस रुपये दिले, आणि एक ढेप पडून फुटली तिचे दहा कापूनहि घेतले. हा वाणी मला फार आवडला.

सायंकाळीं पटांगणांत सर्व संघांचे हिशेब झाले. नातवाच्या संघाचे एकंदर दोन हजार एकशें चाळीस रुपये जमले होते, सर्वांत जास्त. मुलें टाळ्या वाजवूं लागलीं. तेव्हां त्यांच्या संघनायकानें, म्हणजे सकाळीं आमच्याकडे आलेल्या त्याच उंच मुलानें, पैशांचे दोन ढीग केले. एका ढिगांत चारशें नव्वद आणि दुसऱ्यांत सोळाशें पन्नास. तो म्हणाला, "सर, हे चारशें नव्वद कामाचे. हे बाकीचे नुसते मिळाले. पण कार्डांवर दोहोंपुढेंहि काम लिहिलंय." स्काउटमास्तर हा तरुण व सज्जन मनुष्य आहे. त्यानें म्हटलें, "लोकांनीं प्रेमानं दिलेत रे. यंदां राहूं दे." त्यावर मुलानें विचारलें, "मग रजिस्टरांत कोणत्या रकान्यांत लिहूं, सर?" रजिस्टरांत रकाना एकच होता.

नातवानें हें सांगितलें तेव्हां माझें लक्ष ताटाकडे राहिलें नाहीं. त्या मुलाच्या कार्डावरील 'अंगण झाडलें' हें माझ्या हातचें होतें, आणि अक्षरहि वळणदार होतें.

स्काउटचें वचन आपल्या मानाला स्मरून द्यावयाचें असतें, आणि नियमांतला पहिलाच नियम म्हणजे स्काउट विश्वासपात्र असतो. १९३७ सालीं बेडन-पॉवेल हिंदुस्थानांत येऊन गेले, तेव्हां हिंदी लोकांच्या शीलाविषयीं त्यांनीं काढलेल्या अनुदार उद्गारांवरून केवढा क्षोभ झाला. पुष्कळ मंडळी त्यांची संस्था सोडून बाहेर पडली आणि १९३८ सालीं हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निराळी उभी राहिली. बाहेरच्यानें आपल्या शीलाविषयीं शंका घेतली कीं आपण पेटून उठतों, आणि तें योग्यच आहे. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलानें तोंडानें वचन द्यावें आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीं लाडू देऊन त्याच्याकडून तें मोडवून घ्यावें, याविषयीं कोणी सभा भरविल्याचें ऐकिवांत नाहीं.

इतरांस बोलण्यापूर्वीं पदरचें एक सांगितलें पाहिजे. नोकरींत असतांना मींहि आठ वर्षें एका शाळेचें पथक सांभाळलें. एका वर्षीं तपासणीची तारीख अवचित आली आणि मुलांच्या नोंदवह्या अर्ध्याअधिक कोऱ्या. मीं चार मुलांना रात्रीं अकरापर्यंत बसवून त्या भरून घेतल्या. न काढलेल्या तीन सहली आणि न झालेलें प्रथमोपचाराचें एक प्रात्यक्षिक, सर्व तारीखवार. पथकाला 'उत्तम' असा शेरा मिळाला. त्या रात्रीं घरीं जातां जातां एक मुलगा म्हणाला, "सर, या सहलींत आपण जेवलों काय, तें लिहायचं राहिलं." तो थट्टेनें म्हणाला कीं भोळेपणानें, हें मला आजतागायत कळलेलें नाहीं.

असो. पुढच्या रविवारीं तीं तीन मुलें पुन्हां ओटीवर हजर. संघानें आपसांत ठरविलें होतें कीं, जेथून बिनकामाचे पैसे आले तेथें पुन्हां जावयाचें. काम मिळालें तर करावयाचें, नाहीं तर पैसे परत करावयाचे. उंच मुलानें दीडशें रुपये पुढें ठेवले. "गुरुजी, काम द्या, नाहीं तर हे परत घ्या. लाडू मात्र आम्हीं खाल्ले."

मातुःश्रींचा चेहरा उतरला. "अरे, दिलेलं दान कोणी परत घेतं का? लक्ष्मी परत करूं नये बाळा."

"आजी, दान नव्हतं तें. कार्डावर अंगण झाडलं असं लिहिलंय."

मीं कार्ड मागून घेतलें, 'अंगण झाडलें' या शब्दांवर रेघ ओढली आणि बाजूला बारीक सही केली. मग मातुःश्रींना म्हटलें, "आई, काम तूंच सांग."

बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. शेवटीं म्हणाल्या, "देवाचीं उपकरणीं तेवढीं नकोत. माळ्यावरचीं भांडीं काढूं देत." माळ्यावरून एक घंगाळ, दोन हंडे, पांच तांबे आणि एक मोठी समई अशीं नऊ भांडीं निघालीं. कित्येक वर्षांचीं काळवंडलेलीं. मुलें मागल्या अंगणांत बसलीं आणि साबणाची वडी घेऊन तांब्यांवर हात फिरवूं लागलीं. त्यांतून फेंसाखेरीज कांहीं निघेना. एवढ्यांत आमच्याकडे भांडीं घांसावयास येणाऱ्या मावशी आल्या. त्यांनीं क्षणभर पाहिलें, पदर खोंचला, चिंच कोमट पाण्यांत कालविली, तींत मीठ घातलें आणि एका तांब्याच्या अर्ध्या भागावर बोटांनीं तो कोळ चोळून दाखविला. अर्धा तांब्या उगवत्या सूर्यासारखा निघाला. मुलें आ वासून बघत राहिलीं. "ताकद नाही लावायची," मावशी म्हणाल्या, "दम धरायचा."

दीड तास तीं मुलें घांसत होतीं. मावशींनीं तेवढ्यांत आमचें सकाळचें सगळें खरकटें उरकलें. मोजलीं नाहींत, पण लहानमोठीं मिळून चाळीस तरी भांडीं असतील. हात पुसतां पुसतां त्यांनीं सहज चौकशी केली कीं या पोरांना काय मिळणार. नातवानें सांगितलें, "तिघांना दीडशें."

मावशी हंसल्या. "गुरुजी, पोरांचा भाव लई चांगला आहे. मलाबी तोच लावा कीं."

त्या थट्टेनेंच बोलल्या आणि निघून गेल्या. पण तीं तीन पोरें आणि आमचा नातू, चौघेहि माझ्याकडे पाहत होते. मास्तरकीची खोड, मीं वर्तमानपत्राचा कोरा समास फाडून हिशेब मांडला. मावशींना महिन्याला हजार रुपये. दिवसांतून दोन वेळां, तीस दिवस, सुटी नाहीं. म्हणजे साठ खेपा. खेपेला सोळा रुपये सदुसष्ट पैसे, चाळीस भांड्यांचे. मुलांना नऊ भांड्यांचे दीडशें. आयुष्यभर मीं त्रैराशिक शिकविलें. अमुक मजूर अमुक दिवसांत इतकी भिंत बांधतात, तर तमुक मजूर किती बांधतील, असलीं उदाहरणें हजारांनीं सोडवून घेतलीं. हें उदाहरण माझ्या घराच्या मागल्या दारीं बारा वर्षें मांडलेलें होतें.

रात्रीं घरांत बोलणें काढलें. धाकटे बंधू म्हणाले, "आपण वाढविले कीं साऱ्या आळींत वाढतील, आणि शिव्या आपल्याला बसतील." धाकट्या सूनबाईंचें म्हणणें, दिवाळीला साडी देतोंच कीं. थोरल्या सूनबाई, ज्या एरवीं अशा चर्चेंत पडत नाहींत, म्हणाल्या, "त्या एक दिवस आल्या नाहींत तर मला विचारा तें काम केवढ्याचं." मातुःश्री बराच वेळ जपमाळ ओढीत ऐकत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या कीं, "मी सून होतें तेव्हां हें सगळं मीच घांशीत असें. मला कोणीं एक पै दिली नाहीं." हें त्या कोणत्या पक्षाच्या बाजूनें बोलल्या, तें कोणालाच उमगलें नाहीं, आणि पुन्हां विचारण्याचा धीरहि झाला नाहीं.

अखेर महिन्याला चौदाशें रुपये आणि चार सुट्या असें ठरलें. सुट्या वजा जातां बावन्न खेपा होतात आणि खेपेस सत्तावीस रुपयांच्या आंतच पडतात. मुलांच्या भावाशीं हिशेब अजून जुळत नाहीं, हें मला दिसतें आहे. मावशींना सांगितलें तेव्हां त्या हरखून जातील अशी माझी समजूत होती. त्या "बरं" म्हणाल्या आणि कढई ओढून घांसावयास बसल्या.

कार्डाचें सांगावयाचें राहिलें. त्या सकाळीं नऊहि भांडीं पुसून ओटीवर ओळीनें मांडल्यावर उंच मुलानें तें पुन्हां माझ्यापुढें धरलें. मीं चष्मा लावून एकेक भांडें उचलून पाहिलें. घंगाळ चांगलें निघालें होतें, हंडेहि बरे होते. समई उलटी केली.

"हिचा तळ काळाच आहे," मीं म्हटलें.

"तळ कोण बघतंय, गुरुजी?" त्यांतला सर्वांत लहान मुलगा बोलून गेला.

उंच मुलानें त्याच्याकडे एकदां पाहिलें, समई उचलली, आणि चिंचेचा कोळ उरला आहे का तें पाहावयास तो मागल्या अंगणांत गेला. मी पेनाचें टोपण काढून, कार्ड मांडीवर ठेवून बसून राहिलों.